पिंजरा म्हणजे दुसरी गाडी

पोलिसांच्या गाडीच्या मागच्या, कैदी नेतात त्या पिंजऱ्यात मी स्वतःच्या पायांनी चढून बसले, हे टू टँक्समध्ये, आमच्या गावात, आता पोराटोरांनाही माहीत आहे. जो तो त्यावरून मला हसतो. हसू देत. पण आधी सगळं ऐकून तरी घ्या, कारण त्यातलं निम्मं मला स्वतःलाही अजून कळलेलं नाही.

माझी नात कियार्ना. वय पंधरा, अक्कल पाचाची. तिची आई, म्हणजे माझी थोरली, मूत्रपिंडाच्या मशीनपायी शहरात जाऊन राहिली आहे, म्हणून पोरगी माझ्याकडे. तर ही पोरगी दवाखान्यातल्या नर्सबाईंची गाडी घेऊन ओढ्यापलीकडच्या मैदानावर फुटबॉलची मॅच बघायला निघाली आणि ओढ्याच्या वाळूत रुतून बसली. तिला पकडलं कुणी? माझ्या धाकट्या लेकीच्या, लॉरेनच्या नवऱ्याने.

तो पोलिसात आहे. आमच्या आदिवासी माणसांतला या गावातला पहिलाच पोलीस. त्याचं नाव विचारू नका. मी त्याचं घेत नाही, तो माझं घेत नाही. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांना तोंड दाखवत नाहीत, बोलत नाहीत, एका गाडीत बसत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. मी दुकानात शिरले की तो मागच्या दाराने बाहेर पडतो, तो समोरून आला की मी रस्ता सोडून काट्यांत शिरते. त्याचं नाक कसं आहे विचाराल तर मला सांगता येणार नाही. चाल मात्र ओळखते, डावी टाच जरा घासत चालतो.

त्यामुळे झालं काय, नातीला पकडलं म्हणून मला त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या आणि तोंड उघडायची सोय नव्हती. लॉरेनवर राग काढला, तर ती आठव्या महिन्याचं पोट सांभाळत रडायला लागली. शेवटी मी कुत्र्यावर ओरडले आणि मग कुत्र्याचं वाईट वाटलं.

कियार्नाला मार्टिन्स क्रॉसिंग या मोठ्या गावाच्या कोठडीत नेऊन ठेवलं होतं. तिथे महिन्यातून एकदा विमानाने न्यायाधीश येतो. घरचं कुणी मोठं माणूस समोर उभं राहून ‘मी सांभाळते’ म्हणालं तर पोरीला घरी सोडतात, नाहीतर पार शहरातल्या पोरांच्या तुरुंगात पाठवतात. त्या तुरुंगातून आमची जी पोरं परत आली, ती अजून ताटाभोवती हाताचं कुंपण करून जेवतात. मला कियार्ना तशी जेवायला नको होती. म्हणून मला क्रॉसिंगला जायचंच होतं, आणि जायला गाडी नव्हती. बस बिघडलेली, आणि गावातली होती नव्हती ती गाडी पेट्रोल संपवून फुटबॉलच्या मैदानापाशी उभी.

कोर्टाच्या आदल्या दिवशी दुपारी सार्जंट केट माझ्या अंगणात आली. गोरी, दक्षिणेकडची, नवीनच आलेली. मनाने चांगली आहे, पण घाई फार.

“बेरिल मावशी, उद्या आमची गाडी क्रॉसिंगला जाणार आहे. हा नेईल तुम्हाला. येणार ना?”

‘हा’ तिच्या मागेच उभा! टाच घासल्याचा आवाज आला तशी मी पाठ फिरवली आणि ब्लँकेट डोक्यावरून ओढलं. आता तो असताना बोलणार कशी?

“मावशी? नातीसाठी येणार ना?”

मी ब्लँकेट आणखी पुढे ओढलं.

“काय झालं यांना?” तिने त्याला विचारलं. तो टायरकडे बघत होता, असं लॉरेनने मला नंतर सांगितलं.

“अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा! मी काय कुंपणाशी बोलतेय?”

माझा कुत्रा तेवढा भुंकला.

“बरं,” ती सुस्कारा टाकून म्हणाली. “म्हणजे आजीला पोरगी नको आहे. तसं कळवते कोर्टाला.”

मी हाताला लागला तो चहाचा डबा पाण्याच्या पिंपावर फेकून मारला. असा दणका झाला की पलीकडच्या घरातून लॉरेन पोट धरून धावत आली. तिने एका दमात सगळं समजावून सांगितलं, कोण कुणाची सासू आणि का पाठ फिरवायची ते.

“अगं बाई!” सार्जंट त्याच्याकडे वळली. “मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” तो म्हणाला. माझ्यापासून लांब, भलतीकडे तोंड करून.

पण सार्जंटला स्वतःला यायला जमेना, फुटबॉलला आजूबाजूच्या सगळ्या गावांची माणसं जमली होती. लॉरेनला नर्सबाईंनी खडबडीत रस्त्याला बंदी केलेली. माझी बहीण एल्सी यायला तयार होती, पण आईची बहीण ती आईच, तेव्हा एल्सीही त्याची सासू. तसं बघायला गेलं तर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या त्याच्या सासवा लागतात. या माणसाने पोलिसात जायचं ठरवलं तेव्हा काय विचार केला होता कोण जाणे.

“मागे पिंजरा आहे,” सार्जंट जरा चाचरत म्हणाली. “मध्ये लोखंडी भिंत आहे. खिडकीला आतून कापड लावू. गादी टाकू. चालेल का?”

चालेल का ते आम्हालाही माहीत नव्हतं. असं आधी कुणी केलेलंच नव्हतं. संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्या विस्तवाभोवती बसलो.

“चाकं तीच, इंजिन तेच. म्हणजे गाडी एकच,” एल्सी म्हणाली.

“पण दार वेगळं आहे,” मी म्हटलं. “खिडकी वेगळी. आणि पिंजऱ्यातून पुढे जाता येत नाही.”

“ट्रेलर चालतो ना? जावयाच्या गाडीमागे ट्रेलरमध्ये बसून तुमची आई गेली होती की,” दुसरी एक म्हणाली.

“ट्रेलर सोडवून बाजूला करता येतो. पिंजरा येतो का सोडवता?” एल्सीने विचारलं.

“तिला पोरगी आणायची आहे का वाद घालायचाय?” सगळ्यांत थोरली होती ती करवादली. “वेगळं दार, वेगळी खिडकी. पिंजरा म्हणजे दुसरी गाडी. झालं.”

असं ठरलं. आमच्या बाजूने सगळं चोख ठरलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

सकाळी मी पिंजऱ्यात चढले. त्याने मागून कडी घातली. कोण कुठे उभं राहणार, कोण कधी वळणार, सगळं लॉरेनने आखून दिलं होतं. थांबायचं असलं तर भिंतीवर ठोकायचं. तो थांबणार, कडी काढणार आणि मी उतरायच्या आत लांब निघून जाणार.

रस्ता खराब. लाल धूळ कुठून आत येत होती कळेना. फिनेलचा वास, त्याखाली ओकारीचा. कापडातून उजेड यायला लागला तशी भिंतीवर कोरलेली नावं दिसली. मला थोडंफार वाचता येतं. सगळी आमचीच पोरं. माझ्या भावाचा मुलगा, एल्सीचे दोघे, दुकानासमोरच्या घरातला तो तोतरा मुलगा. मी एकेका नावाला हात लावत गेले. खाली कोपऱ्यात नखाने ओरखडलेलं नवीन नाव होतं, कियार्ना. शेजारी फुटबॉल काढलेला.

मला रडू कोसळलं. राग कुणाचा आला ते मात्र कळेना. याच पिंजऱ्यात त्याने तिला बसवलं, कडी त्यानेच लावली. पण तिला क्रॉसिंगला नेण्याआधी लॉरेनकडून निरोपही त्यानेच पाठवला होता, पोरगी जेवली आहे, अंगात जाकीट आहे, रडत नाहीये. त्याच्याआधीचे पोलीस असला निरोप पाठवत नसत. पोर गेलं की गेलं, आई दोन दिवस ओढ्यांतून हाका मारत फिरायची. मग हा आमचा की त्यांचा? शर्ट त्यांचा, आतला माणूस आमचा. कडी लावतो तो कोण आणि निरोप पाठवतो तो कोण? विचार करून माझं डोकं दुखायला लागलं आणि मी भिंतीवर ठोकलं.

गाडी थांबली, कडी सरकली, टाच घासत लांब गेली. मी उतरले. मल्गाच्या खुरट्या झाडाखाली पडलेल्या लाकडावर चहाचा मग होता, भरपूर साखरेचा. शेजारी पावाचा जाड तुकडा, त्यावर डब्यातलं मांस. आणि एक घडीची खुर्ची, त्याच्याकडे पाठ येईल अशी मांडलेली. मी जेवले. चहा चांगला होता, हेही खोटं कशाला बोलू.

क्रॉसिंगला पोहोचलो आणि घोटाळा झाला.

पोलिसांची गाडी कोर्टात मागच्या फाटकातून जाते. ती तशीच गेली. ठरल्याप्रमाणे त्याने कडी काढली, फाटकावरच्या लाल दाढीच्या शिपायाला म्हणाला, “मागे एकजण आहे, नीट उतरव,” आणि ठरल्याप्रमाणे निघून गेला. माझं नाव घेता येत नाही, माझ्याकडे बघता येत नाही, मग दुसरं काय म्हणणार?

शिपायाने दार उघडलं. “या मावशी. पिशवी इकडे. पट्टा आहे का कमरेला? बुटांच्या नाड्या काढा.”

“नाड्या कशाला? मी पकडलेली नाहीये.”

“सगळे असंच म्हणतात.”

“अरे, मी माझी मी बसले पिंजऱ्यात!”

“स्वतःहून?” त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “मग तर डॉक्टरला बोलवायला हवं.”

मी सांगायला गेले, जावई, सासू, चाकं तीच पण दार वेगळं. जितकं सांगावं तितका तो जास्त गोड बोलायला लागला, वेडसर माणसाशी बोलतात तसा. आणि गोड बोलत बोलत त्याने मला कोठडीत घातलं. जाळीच्या पलीकडे कियार्ना बसलेली. मला बघून तिचे डोळे एवढाले झाले.

“आजी! तू काय केलंस?”

“गाडीत बसले.”

“मी पण तेच केलं होतं,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी आधी हसलो, मग ती जाळीला चिकटून रडायला लागली. “आजी, तू इथे, मग बाहेर कोण आहे माझं?”

तिला काय सांगू? तेवढ्यात तिचा पुकारा झाला आणि तिला घेऊन गेले. पुढे आत जे झालं ते तिनेच मला सांगितलं.

तिच्या बाजूचा वकील पोरगा उभा राहिला. न्यायाधीशाने विचारलं, “आजी आल्या आहेत का?”

माझा जावई पोलिसांच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मी मागच्या बाकावर असणार अशी त्याची खात्री, म्हणून मान वळवण्याचा प्रश्नच नाही. तो तसाच उठला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “हो साहेब. मागे बसल्यात.”

न्यायाधीशाने मागे बघितलं. बाक रिकामा. “कुठे?”

“मागे, साहेब.”

“अहो, वळून बघा तरी! तिथे कुणी नाही.”

कियार्ना म्हणते, काका वळला आणि त्याचा चेहरा असा झाला की तिला तिच्याच खटल्याचा विसर पडला. ती ओरडली, “आजी कोठडीत आहे!” तर वकिलाला वाटलं आजीनेही काहीतरी गुन्हा केलाय. तो म्हणाला, “साहेब, आजी कोठडीत असेल तर सांभाळायला कुणी नाही असं दिसतं.” आपलाच वकील बरं का! न्यायाधीशाने घड्याळ बघितलं. विमान वाट बघत होतं. “थोडा वेळ थांबतो,” तो म्हणाला. “फार नाही.”

इकडे मला टाच ऐकू आली, पळत येणारी. मी चटकन ब्लँकेट डोक्यावरून घेतलं. खालच्या फटीतून फक्त जमीन दिसत होती आणि जाळीपलीकडे त्याचे बूट. बुटांची टोकं भिंतीकडे.

“आतल्या बाईला सोड,” तो म्हणाला.

“कुठल्या? तुझ्या गाडीतून आलेल्या? कोण आहे ती?”

गप्प.

“तू आणलीस ना? मग सांग कोण आहे. नाव सांग, बघून सांग हीच ती म्हणून, लगेच सोडतो. भिंतीला सांगू नकोस, बाबा. मी असं कुणालाही सोडलं तर माझी नोकरी जाईल.”

“मी सांगते माझं नाव!” असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो समोर असताना माझा आवाज त्याच्या कानावर घालायचा? मला ते जमेना. माझी पोर तिकडे उभी, न्यायाधीश निघायच्या बेतात, आणि मी ब्लँकेटखाली गप्प, तो जाळीपाशी गप्प. इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

मग त्याने पोलिसाची टोपी घातली. ती टोपी तो कधी घालत नाही, लॉरेन नेहमी म्हणते, पट्ट्यात खोचून फिरतो. कातडी पट्टा करकरला, टोपी डोक्यावर दाबल्याचा आवाज आला. बूट हळूहळू फिरले. टोकं माझ्याकडे झाली.

“बेरिल टकर,” तो म्हणाला. “राहणार टू टँक्स. हीच ती.”

त्याच्या तोंडून माझं नाव! मला वाटलं, आता छप्पर तरी पडेल. शिपाई मात्र म्हणाला, “बघ, एवढं सोपं होतं,” आणि किल्ली फिरवली.

कोर्टात मी बिननाड्यांच्या बुटांनी उभी राहिले. न्यायाधीशाने विचारलं, “तुम्ही कोठडीत कशा पोहोचलात?”

“मला माहीत नाही, साहेब. आमचं ठरलं होतं की ती दुसरी गाडी आहे.”

त्याने पुढे विचारलं नाही, बरं केलं. मी सांभाळीन म्हटलं. शाळा चुकवायची नाही, अंधार पडला की घरात, नर्सबाईंच्या गाडीपासून लांब, अशा अटींवर त्याने पोरगी मला दिली. माझ्या हातात तिचा हात आला आणि मला बाकी कशाचं भान राहिलं नाही.

परतताना मी पिंजऱ्यात, कियार्ना पुढे त्याच्या शेजारी. अर्ध्या वाटेवर त्याच झाडापाशी गाडी थांबली. कडी निघाली, टाच दूर गेली. लाकडावर चहा होता. खुर्ची होती. आणि चहाशेजारी पोलिसाचा शर्ट, नीट घडी घातलेला, वर टोपी.

“काका तिकडे बनियनवर बसलाय,” कियार्ना म्हणाली. “म्हणतो, हे आजीला दे. म्हणतो, नाव घेतलं त्याची भरपाई. नाव घेतलं म्हणजे काय गं?”

आमच्यात असंच असतं. मर्यादा मोडली तर आपल्याजवळचं मोलाचं असेल ते द्यायचं. समोरच्याने घेतलं की विषय संपला. ठेवून घेतलं तर त्याचा मान राहतो. पण मग शर्ट जातो, आणि शर्टासोबत नोकरी. मी तो उचलून पिंजऱ्यात मांडीवर घेतला, आणि त्या कोरलेल्या नावांसमोर घरापर्यंत बसून राहिले. हाच शर्ट पोरांना इथे आणतो. हाच शर्ट निरोप पाठवतो. घेतला तर काय घेतलं, परत दिला तर काय दिलं?

सकाळी सार्जंट केट आली, केस न विंचरता. “मावशी, तो नोकरी सोडतो म्हणतोय. शर्ट तुमच्याकडे आहे म्हणतो. मी काही चुकले का? पिंजऱ्याचं मीच सुचवलं होतं.”

“चुकलं तर सगळ्यांचंच. कुणाचंच नाही. मला विचारू नकोस, मला काही कळत नाहीये.”

“तो गेला तर माझ्याशी इथे बोलणार कोण?” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला तिची कीव आली आणि रागही आला. तिच्याशी बोलायला कुणी नाही म्हणते. आमच्या पोरांना नेताना आम्हाला सांगायला कोण राहील?

ती गेल्यावर मी शर्ट धुतला. लाल धूळ बरीच निघाली. कुंपणावर वाळला तसा हातात घेतला आणि बघितलं, दुसरी गुंडी एका दोऱ्यावर लोंबत होती. सुई काढली. कियार्ना समोर बसून बघत होती.

“जा,” मी म्हटलं. “काकाला देऊन ये.”

“मी? त्याने मला पकडलं होतं आजी!”

“म्हणूनच तू जा.”

तिने शर्ट घेतला, जरासा अंगापासून लांब धरला. “काय सांगू?”

“सांग, गुंडी सैल झाली होती म्हणून आजीने शर्ट नेला होता. घट्ट शिवली आहे. घाल म्हणावं.”

“आणि ते नावाचं? त्याने नाव घेतलं त्याचं काय सांगू?”

मी सुईत उरलेला दोरा दाताने तोडला.

“कुणाचं नाव?” मी म्हटलं. “मी ब्लँकेटखाली होते. मला काही ऐकू आलं नाही.”